फांदी घरी नेताना

"ह्याला धाडलं तर माजा भाऊ जलमभर रस्त्यावरच ऱ्हाईल, वहिनी. ह्याच्या तोंडाला कडी हाय का कोयंडा?"

काका दारात उभा राहून बोलत होता. आतही येत नव्हता आणि बाहेरही जात नव्हता. लिंदानी चुलीपाशी उकिडवा बसून कुऱ्हाडीला धार लावत होता. आपल्याबद्दल आपल्यासमोरच बोलणं चाललंय आणि आपल्याकडं कुणी बघतसुद्धा नाही, याचा त्याला जाम राग आला होता. तो राग दगड जोरात घासून काढत होता.

आई भिंतीला लागून गादीवर बसलेली. नवरा गेल्यापासून ती तिथंच होती, डोक्यावरनं घोंगडी घेऊन. माती होईपर्यंत विधवेनं गादी सोडायची नाही, परक्या पुरुषाशी शब्द बोलायचा नाही. दिराशी बोललेलं चालतं, म्हणून काकाला हे ऐकून घ्यावं लागत होतं.

"तुमीच गेला असता, भावजी," ती म्हणाली. "पन तुमी सोमवारीच बासला सांगून आलाय, शहरातल्या मसनात पुरू म्हनून. ज्यानं त्यांना भाईर पुरायचं कबूल केलं, त्याच्या मागनं ते घरी का म्हनून येतील?"

काकानं टोपी एका हातातनं दुसऱ्या हातात घेतली. दुदू काका मळ्यावरचा इंदुना, म्हणजे मुकादम. बासच्या, म्हणजे गोऱ्या मालकाच्या, घरामागची पत्र्याची खोली, नळ आणि विजेचा एक दिवा त्याला होता. त्या नळाचं पाणी त्याच्या घशाशी आलंय, असं लिंदानीला वाटलं.

"मी जातो," लिंदानी म्हणाला.

"बघा," काका म्हणाला. "आत्ताच बोलला."

लिंदानीचा बाप, झ्वेलाखे न्तोम्बेला, शहरातल्या दवाखान्यात मेला होता. माणूस असा बाहेर गेला की मढं तेवढं पेटीतनं घरी येतं. माणूस तिथंच खाटेवर बसून राहतो, वाट बघत. मग घरच्या कुणीतरी बोरीची फांदी घेऊन जायचं, त्याला नावानं हाक मारायची आणि फांदीवर घेऊन यायचं. फांदी बोरीचीच लागते. तिच्या पेरापेराला दोन काटे असतात, एक सरळ पुढं बघणारा आणि एक मागं वळलेला. आणणाऱ्यानं वाटेत कुणाशी बोलायचं नाही. मेलेल्याशी बोलायचं, त्याला वाट सांगत यायचं, पण जित्या माणसाशी एक शब्द नाही. बोललं की मेलेला समजतो, ह्याला दुसरी कामं आहेत, आणि उतरतो. मग त्याच वळणावर तो अडकून पडतो. आठ वर्षांमागं पुलाजवळ एकाचं असं झालंय. अजून तिथं गाई बुजतात.

लिंदानी अठरा वर्षांचा. त्याची शाळा सुटली ती तोंडापायीच. मास्तर म्हणाला होता, मळ्यावरची पोरं बैलासारखी हळू शिकतात. लिंदानीनं विचारलं, बैलांना शिकवणाऱ्याला सरकार मास्तर म्हणतं का. वर्ग हसला आणि हा घरी आला. तेव्हापासून बापाच्या जोडीला झाडांची साल काढायच्या कामावर.

शेवटी आईचंच खरं झालं. शुक्रवारी लिंदानीनं जायचं आणि शनिवारी सकाळी माती द्यायची. कुठं द्यायची, ते काका गेल्यावर कुणी बोललं नाही. आईनं घोंगडी आणखी खाली ओढली.

बुधवार-गुरुवार काम होतंच. बाप मेला तरी बापाच्या वाटणीची झाडं उभी होती. ती तोडली नाहीत तर घर रिकामं धरतात, आणि रिकाम्या घरावर बासचा ट्रॅक्टर यायला वेळ लागत नाही. खालच्या वस्तीवर तो दोनदा येऊन गेलेला.

डोंगरभर काळ्या बाभळी, बासच्या आज्यानं लावलेल्या. साल चामडं कमवायला जाते, लाकूड कारखान्याला. चांगल्या वर्षी बुंध्याला आडवा घाव घालायचा, कुऱ्हाडीच्या माथ्यानं ठोकायचं आणि दोन्ही हातांनी धरून मागं सरकत जायचं. लुगडं फाडावं तशी साल शेंड्यापर्यंत टराटरा निघते. पण दोन वर्षं पाऊस नव्हता. रस चढला नव्हता. साल लाकडाला चिकटून बसलेली, नखाएवढे तुकडे निघत. हाताची बोटं फुटत, फुटलेल्या जागी सालीचा तुरटपणा शिरला की डोळ्यांतनं पाणी येई. जिथं चार झाडांत भारा व्हायचा तिथं नऊ लागत. बाप म्हणूनच मेला. नववं झाड तोडलं, ते पडताना शेजारच्यात अडकलं. एरवी त्यानं दोर मागवला असता. भारा राहिला होता म्हणून खाली शिरला, आणि ते अंगावर आलं.

लिंदानीनं ते झाड बघितलं. कुणीतरी त्याची साल काढून नेली होती. उघडं लाकूड पिवळंधमक, त्याच्यावर मुंग्या.

बाप झाडाखाली सापडला त्या दिवशी बास स्वतः धावत आला होता, हे कबूल करायला पाहिजे. बास, म्हणजे हेनी ओदेंडाल, आणि झ्वेलाखे एका वयाचे. लहानपणी दोघं मिळून बाभळीच्या डिंकानं पाखरं धरायचे, एकाच डब्यातला मक्याचा घाटा खायचे. दहाव्या वर्षी एक वसतिगृहात गेला आणि एक गुरांमागं. तेव्हापासून एकानं दुसऱ्याला बास म्हणायचं. पण हेनीची जीभ तीच राहिली. डोळे मिटून ऐकलं तर आपल्यातलाच कुणी म्हातारा बोलतोय असं वाटावं. त्या दिवशी गाडी काकानं चालवली आणि बास मागं उघड्यावर बसला, झ्वेलाखेचं डोकं मांडीवर घेऊन. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो रडला. सगळ्यांनी बघितलं.

आणि तिसऱ्या दिवशी निरोप आला, माती मळ्यावर द्यायची नाही.

चिडून नाही. बासनं पेटीला लाकूड देऊ केलं, गाडी देऊ केली, एक बैलही देऊ केला. शहराच्या मसनात चांगली जागा बघतो म्हणाला. फक्त इथं नको. काकानं सांगितलं त्यावरनं, बासच्या वकिलानं त्याला बजावलं होतं की प्रत्येक कबर म्हणजे उद्याचा दावा. कबर मोजली की घर मोजलं, घर मोजलं की जमीन मोजली. ओढ्याच्या वरच्या अंगाला न्तोम्बेलांचे चार दगडांचे ढीग आहेत. पणजा, आजा, आजी, आणि लिंदानीच्या आधीचं एक मूल. पणजाचा ढीग बासच्या घराच्या पायाहून जुना. ते बासलाही ठाऊक आहे. पोरपणी त्याच्यावर बसून त्यानं पाखरं भाजली आहेत.

कायदा असं म्हणतो की जिथं राहिलात, जिथं तुमचे आधीचे पुरलेत, तिथं पुरू देणं भाग आहे. जमिनीच्या कचेरीतल्या बाईनं घरी येऊन आईला तसं सांगितलं होतं. पण शेवटी ती असंही म्हणाली होती की घरच्यांनीच दुसरीकडं पुरायला मान्यता दिली तर मग कायद्याला काही करता येत नाही. आणि घरचा म्हणजे आता घरचा मोठा पुरुष. म्हणजे लिंदानी. काकाचं कबूल करणं कागदावर चालत नव्हतं. तो वेगळ्या खोलीत राहत होता.

शुक्रवारी पहाटे लिंदानीनं फांदी कापली, आईनं दिलेल्या पांढऱ्या कापडात बुंधा गुंडाळला आणि डांबरी रस्त्याला लागला.

दवाखान्यात त्याला काही सांगावंच लागलं नाही. फांदी बघून नर्सनं मुकाट्यानं खोलीकडं बोट केलं. बापाच्या खाटेवर दुसराच माणूस होता, पोटाला पट्टी बांधलेला. त्यानं फांदी बघितली आणि कण्हत कण्हत पाय जवळ ओढून घेतले, बसायला जागा करावी तसे.

लिंदानीनं फांदी गादीवर टेकवली. "बाबा, मी लिंदानी. उठा, घरी जाऊ."

स्वतःचाच आवाज त्याला परका वाटला. बापाशी तो असा सरळ कधी बोललाच नव्हता.

गाडीत त्यानं दोन जागांचे पैसे दिले. फांदीला खिडकीची जागा. वडापवाल्यानं एकदा बघितलं आणि गाणी बंद केली. पंधरा माणसं दाटीवाटीनं बसली होती, पण ती एक जागा रिकामी राहिली. मधल्या थांब्यावर सानेले चढली, त्याच्या वर्गातली. जिभेनं ती त्याच्या तोडीची.

"काय रं बैलमास्तर," ती मागनं म्हणाली, "एकटा दोन जागा घेऊन बसलायस. मळा इकत घेतला काय?"

लिंदानीच्या तोंडात उत्तर तयार होतं. जीभ टाळूला लागलीसुद्धा. त्यानं दात आवळले. सानेले आणखी काहीतरी म्हणाली, बैलाची वाचा गेली असं काहीतरी, आणि वाकून बघितलं. तिला काटे दिसले. ती मागं टेकली आणि उतरेपर्यंत पिशवी मांडीवर धरून बसली. उतरताना गुडघे जरा वाकवून रिकाम्या जागेला नमस्कार करून गेली.

"बाबा, पूल आला," लिंदानी फांदीला सांगत होता. "पानी न्हाई, नुसते गोटे हायती. बाबा, आता चढ हाय. बाबा, आता उतरायचं."

डांबरीपासून घर तासाभराच्या चालीवर. ऊन डोक्यावरनं जरा कललं होतं. मळ्याच्या वेशीला आता नवं कुंपण, माणसाच्या दुप्पट उंच, वरच्या तारांत वीज. बास आत हरणं सोडणार होता, शिकारीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. फाटक बंद होतं. फाटकाच्या आत बासची गाडी उभी होती, आणि गाडीला टेकून बास. शेजारी काका.

बासनं फांदी बघितली आणि लगेच टोपी काढली. काकानं काढली नव्हती, बासचं बघून त्यानं काढली.

लिंदानीला बरं वाटलं. ह्याला माहीत आहे, तो मनात म्हणाला. हा विचारणार नाही, फाटक उघडेल. तो फाटकाशी येऊन उभा राहिला, फांदी छातीशी धरून.

बासनं फाटक उघडलं नाही. त्यानं वरच्या खिशातनं चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला. मग एक कागद काढला.

"लिंदानी," तो म्हणाला. आवाज मऊ, आजारी माणसापाशी बोलावा तसा. "तुज्या बापाची माती शहरात द्यायची, मळ्यावर न्हाई, असं ह्या कागदावर लिवलंय. तुजा काका हितं साक्षीला हाय. मी तीनदा इचारीन, तुमच्या बैठकीत इचारत्यात तसं. तुजी हरकत असंल तर न्हाई म्हन. एकच शब्द. न्हाई म्हनलास तर कागद फाडून टाकतो, देवाशप्पथ. काय बोलला न्हाईस तर हरकत न्हाई असं मी धरीन."

लिंदानीला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा त्यानं फांदी आणखी घट्ट धरली. हा माणूस विसरला नव्हता. ह्याला सगळं पाठ होतं. रस्त्यात बोललं की काय होतं, पुलाजवळच्या त्या माणसाचं काय झालं, सगळं. म्हणून तर तो घरी आला नव्हता. म्हणून तर काल आला नव्हता आणि उद्या येणार नव्हता.

"पयल्यांदा इचारतो," बास म्हणाला. "हरकत हाय का?"

कुंपणाची तार गुणगुणत होती. लिंदानीनं काकाकडं बघितलं. काकाच्या तोंडाला कसलीच बंदी नव्हती. त्याच्या हातात फांदी नव्हती, अंगावर घोंगडी नव्हती. काका गाडीच्या चाकाकडं बघत होता. चाकाला शेण लागलं होतं, ते तो बुटाच्या टोकानं काढत होता.

"दुसऱ्यांदा इचारतो."

काटे कापडातनं हातात शिरले होते. मनगटावरनं काहीतरी ओघळत होतं. न्हाई. एवढंच तर म्हणायचं होतं. मग बाप ह्या फाटकात उतरला असता आणि इथंच राहिला असता, कुंपणाबाहेर, आतल्या हरणांकडं बघत. आणि कबर मिळाली असती, रिकामी.

त्यानं तोंड फांदीजवळ नेलं.

"बाबा," तो म्हणाला, मोठ्यानं, पार डोंगरापर्यंत जाईल असं. "आपन फाटकाशी आलोय. फाटकात हेनी उभा हाय. तुमच्यासंगं डिंकानं पाखरं धरायचा तो हेनी. तो इचारतोय तुमाला शहरात पुरू का. बाबा, मी तुमाला सांगतो, न्हाई. तुमची जागा तुमच्या बापाशेजारी हाय. मी न्हाई म्हनलो, बाबा. तुमी ऐकलंत. पयल्यांदाबी न्हाई, दुसऱ्यांदाबी न्हाई, तिसऱ्यांदाबी न्हाई."

बासचा चेहरा पांढरा असतोच, तो लाल झाला आणि परत पांढरा झाला. क्षणभर लिंदानीला वाटलं, जमलं. बास कागदाकडं बघत होता.

मग तो काकाकडं वळला. "दुदू. हा माज्याशी बोलला का?"

काकानं मान वर केली नाही.

"दुदू, तुला इचारतोय. तुजी सही हितं लागनार हाय. ह्यो माज्याशी बोलला का?"

"न्हाई, बास," काका म्हणाला. "त्यो मेलेल्याशी बोलला."

"मला न्हाई म्हनला?"

"तुमाला न्हाई म्हनला."

शब्द न् शब्द खरा होता. लिंदानीला काकाच्या नरडीचा घोट घ्यावासा वाटला तो त्याचमुळं. काकानं गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. सावकाश करत होता, एकेक अक्षर जोडत. बासनं कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि स्वतःच्या हातानं फाटक उघडलं. लिंदानी जवळनं गेला तसा तो बाजूला सरला, मान लववली आणि फांदीला हळूच म्हणाला, "ये, झ्वेला. घरी जा गड्या."

ते त्यानं मनापासून म्हटलं. लिंदानीला पुढं कितीतरी वेळ हेच कळेना की ह्याचं काय करायचं.

"बाबा, चला," तो म्हणाला. "आता थोडंच ऱ्हायलं."

घरी आल्यावर त्यानं झोपडीच्या मागच्या भिंतीशी, जिथं वाडवडिलांची जागा असते, तिथं फांदी ठेवली. आईनं धूप पेटवला. बाबा, पोचलो, बसा, असं तो म्हणाला आणि त्याचं तोंड मोकळं झालं. आईनं घोंगडीच्या आतनं विचारलं, वाटंत कुनाशी बोललास का. तो म्हणाला, फकस्त बाबांशी. मग त्यानं फाटकातलं सगळं सांगितलं. आईनं मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, म्हंजी ते घरी आले, आनि जागा गेली.

तेव्हा लिंदानीला वाटलं, निदान ही तरी शिवी देईल. तिनं दिली नाही. तिचे हात पकडून ठेवल्यासारखे मांडीवर होते.

अंगणात शेजारच्या मळ्यांवरचे पाच जण आले होते, कुदळी-फावडी घेऊन. गोठ्याच्या सावलीत बसून ते एकच विडी फिरवत होते आणि पावसाचं बोलत होते. खड्डा आज सूर्य बुडायच्या आत व्हायला पाहिजे होता. पेटी सकाळी येणार होती. पण कुणी उठत नव्हतं. पहिला घाव थोरल्या लेकानं घालायचा असतो, तोवर दुसऱ्यानं मातीला हात लावायचा नाही.

दिवस कासराभर वर असताना काका आला. गोठ्याच्या सावलीत कुणी सरकून जागा केली नाही. तो उभाच राहिला. मग सरळ झोपडीत आला, ह्या खेपेला उंबऱ्याच्या आत, आणि फांदीकडं पाठ होणार नाही असा भिंतीला लागून बसला. ओढ्यापाशी दोन गाड्या आल्यात, त्यानं सांगितलं. राखणीच्या कंपनीच्या, सहा माणसं आणि दोन कुत्री. शहरातनं पोलिसही बोलावलेत, कागद दाखवून. बास तिथं नाही. बास घरात दारं लावून बसलाय.

"आनि?" लिंदानीनं विचारलं.

"जो पयला घाव घालंल त्याला उचलायचं, असं त्यांना सांगितलंय," काका म्हणाला. "मी सांगताना ऐकलं. नाव घेतलं न्हाई. पन पयला कोन घालतो ते बासला ठाव हाय."

अंगणातलं बोलणं थांबलं होतं. पातळ कुडाच्या पलीकडं सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

काका म्हणाला, सकाळपतुर थांब. मी येतो तुज्यासंगं कचेरीत, सही माजी हाय, मी म्हनीन चुकून झाली. लिंदानी त्याच्याकडं बघत राहिला. तो खरंच येईल का, सकाळी नळाला पाणी येईल तेव्हाही येईल का, हे त्याला काकाच्या तोंडावर शोधायचं होतं. तोंडावर नुसता घाम होता. आणि कचेरी शनिवारी बंद असते, हे दोघांनाही माहीत होतं.

आई पहिल्यांदा गादीवरनं अर्धी उठली. उठायचं नसतं, तरी उठली. तिनं लेकाचा हात धरला, काट्यांनी भोकं पडलेला, आणि उलटापालटा करून बघितला. थांब म्हणाली नाही. जा पण म्हणाली नाही. फांदीकडं बघत होती.

लिंदानीनं हात सोडवून घेतला आणि कुदळ उचलली. ओढ्याकडनं कुत्र्याचं भुंकणं आलं. बाहेर कुणीतरी फावडं उचललं, दगडाला लागून ते वाजलं.

"मा, मला आता निगाया पायजे," तो म्हणाला.